दरोडेखोरांची पलटण : खानदेश, १८२५

जून २०२२. अग्निपथ योजनेच्या विरोधात ठिकठिकाणी रेल्वेचे डबे जळत असताना सैन्यदलांच्या वतीने पत्रकार परिषदेत सांगण्यात आले, की भरतीस येणाऱ्या प्रत्येक तरुणाला आपण या जाळपोळीत सामील नव्हतो असे लेखी द्यावे लागेल, पोलिस पडताळणी होईल आणि ज्याच्या नावावर गुन्हा दाखल असेल त्याला प्रवेश मिळणार नाही. पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना हे नवे नव्हते. भांडणात नाव गोवले गेले, ठाण्यात नोंद झाली, तर वर्षभराची धाव वाया जाते, ही भीती भरतीच्या तयारीइतकीच जुनी आहे.

याच महाराष्ट्रात, दोनशे वर्षांपूर्वी, एक पलटण अशी उभी राहिली की तिच्या भरतीचा नियम याच्या नेमका उलट होता. सरकारदरबारी लुटारू म्हणून ज्यांची ओळख होती, त्यांनाच शोधून, डोंगरातून खाली बोलावून, मागचे सारे माफ करून हाती बंदूक देण्यात आली. तिचे नाव खानदेश भिल्ल कोअर. या पलटणीची हकीकत आउट्रम नावाच्या एका शूर साहेबाची शिकारकथा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. ती तशी नाही. ‘गुन्हा’ हा शब्द कोण लिहितो आणि कोणाच्या गरजेपोटी खोडतो, याची ती गोष्ट आहे.

प्रथम भूगोल. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा आणि अजिंठ्याच्या रांगा, पश्चिमेस बागलाणचे किल्ले, आणि मधून वाहणारी तापी. माळव्यातून दक्षिणेत उतरणारा माल, पैसा आणि फौजा ज्या घाटांतून येत, त्या घाटांच्या तोंडावर भिल्ल नाईकांची वस्ती होती. घाट राखणे, वाटसरूला सुखरूप पार करणे, गावची जागल करणे ही त्यांची कामे. त्याबद्दल गावांकडून आणि वाटेवरच्या मालावर ठरलेला हक्क वसूल करणे हे त्यांचे उत्पन्न. हा हक्क कागदावर असे किंवा नसे, पण तो सर्वांना ठाऊक होता. हक्क मिळाला की नाईक राखणदार. हक्क बंद झाला की तोच नाईक वाट अडवी. दोन्ही वेळी माणूस तोच, तिरकमठा तोच, घाटही तोच.

ही घडी मराठी राज्याच्या अखेरच्या वर्षांतच विस्कटली होती. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला. गावे ओस पडली तेव्हा गावांवरचे हक्कही बुडाले आणि भिल्ल डोंगरात गेले. त्यांना वठणीवर आणण्यासाठी पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी जे केले तेही विसरता येत नाही. बाळाजी लक्ष्मण या सुभेदाराने कोपरगावी भिल्लांच्या मोठ्या जमावाला विश्वासाने बोलावून ठार केले आणि प्रेते विहिरींत टाकली, अशी नोंद गॅझेटियरात आहे. भिल्लांचा सरकार या वस्तूविषयी जो अनुभव होता, तो असा होता. सरकारने बोलावले तर जाऊ नये, हा शहाणपणा त्यांनी स्वतःच्या रक्ताने मिळविला होता.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या हाती आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट धुळ्यास बसला. त्याला नेमून दिलेले धोरण दुहेरी होते. डोंगरांची रसद तोडायची, पकडलेल्या म्होरक्यांना कडक शिक्षा द्यायची. आणि जे शरण येतील त्यांचे हक्क तपासून त्यांना नेमणूक बांधून द्यायची. चिल नाईक फासावर गेले, पाठोपाठ इतर नाईकांचा पाठलाग झाला, आणि एकेका मोहिमेनंतर खानदेश शांत झाल्याची पत्रे मुंबईस गेली. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा गावे लुटली जात. सात वर्षे हेच चालले. मैदानातल्या पलटणींचे शिपाई सातपुड्याच्या दऱ्यांत तापाने पडत. वाट दाखविणारा कोणी नसे. आणि तोफ नेण्यासारखा रस्ता नव्हता. १८२५ मध्ये बागलाणात पुन्हा उठाव झाला, अंतापूर लुटले गेले, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने हिशेब मांडला. फौजेने हे काम होत नाही आणि ते महागही पडते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुन्हेगाराला शिपाई करण्याची कल्पना इंग्रजांना परकी नव्हती. अठराव्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटने कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना आणि बेकार भटक्यांना सैन्यात ढकलणारे कायदे वेळोवेळी केले होते. फाशीची शिक्षा झालेल्यालाही पलटणीत जाण्याच्या अटीवर माफी मिळू शके. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तापाने भरलेल्या ठाण्यांसाठी तर शिक्षा झालेल्या सैनिकांची स्वतंत्र पलटण काढण्यात आली होती. पण तेथे तर्क निराळा होता. जेथे चांगला माणूस मरायला पाठवायचा नाही तेथे वाईट माणूस पाठवावा, असा तो तर्क. खानदेशात सरकारला भिल्ल हवा होता तो त्याचा जीव स्वस्त म्हणून नव्हे. वाटा त्यालाच माहीत होत्या, म्हणून.

१८२५ मध्ये खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. दोन एजन्सींकडे मुख्यतः वसाहतीचे काम होते. जमीन, बैल, बियाणे आणि तगाई देऊन भिल्लांना शेतीवर बसवायचे, त्यांचे हक्क नोंदवायचे, तंटे तोडायचे. तिसरीकडे पलटण उभारण्याचे. हे काम लेफ्टनंट जेम्स आउट्रम याच्याकडे आले. वय बावीस. सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला, अंगाने लहानसा, शिकारीचा अतोनात नाद असलेला. नकाशावर जळगाव जिल्ह्यात एरंडोलच्या जवळ धरणगाव शोधा. पुढे पलटणीचे ठाणे तेथेच पडले.

आउट्रमच्या चरित्रकारांना येथून पुढचा भाग फार प्रिय आहे. तो एकटा भिल्लांच्या वस्तीत गेला, त्यांच्याबरोबर बसला-उठला, वाघ मारले आणि मने जिंकली. यात खोटे फारसे नाही, पण एक पान गाळलेले आहे. मने जिंकण्यापूर्वी त्याने डोंगरातल्या वस्त्यांवर छापे घातले होते आणि माणसे, त्यांत बायकामुलेही, पकडली होती. त्यांतलेच काही सोडून देऊन त्यांच्या तोंडी निरोप पाठविण्यात आला की या, बोलू. ज्याची माणसे साहेबाच्या ताब्यात आहेत तो बोलायला येणारच. भरतीची सुरुवात अशी झाली.

पहिल्या खेपेस मिळाले नऊ जण. एका पलटणीची सुरुवात नऊ माणसांनी! हे नऊ जण आउट्रमचे अंगरक्षक झाले. त्यांच्या नातेवाइकांमधून आणखी आले, त्यांच्या साथीदारांमधून आणखी. पण प्रत्येक टप्प्यावर जुनी आठवण आडवी येई. सरकार आपल्याला एकत्र जमवते आहे ते एकदमच संपविण्यासाठी, अशी अफवा उठली की रंगरूट रातोरात निघून जात. इंग्रजी कागद याला भिल्लांचा भोळसट संशय म्हणतात. कोपरगावच्या विहिरी ज्यांना ठाऊक होत्या त्यांचा संशय भोळसट म्हणता येईल का? या अफवेला आउट्रमकडे एकच उत्तर होते. तो पहाऱ्याशिवाय त्यांच्यातच राहू लागला. ज्यांनी आयुष्यभर घाटात वाटसरू लुटले, त्यांच्या तलवारींच्या पल्ल्यात तो झोपे. हा त्याचा खरा पराक्रम मानावा लागेल, वाघ नव्हे.

माफीचे स्वरूप काय होते? भरती होणाऱ्याच्या मागच्या कृत्यांबद्दल विचारणा करायची नाही, हा सौद्याचा गाभा. कोणी किती गावे लुटली, कोणाच्या हातून कोण मेले, याची चौकशी मांडली असती तर पलटणीत एकही माणूस उरला नसता. उलट ज्याच्या मागे मोठी टोळी, ज्याचा डोंगरात दरारा, तो अधिक हवासा. कारण तो खाली उतरला की त्याच्यामागे पाच-पन्नास उतरत. म्हणजे पूर्वीचा गुन्हा ही अपात्रता नव्हतीच. तीच पात्रता होती. ज्या यादीत पकडायच्या माणसांची नावे होती, तीच भरतीची यादी झाली.

दोन-तीन वर्षांत पलटण सहाशेच्या घरात गेली. कवाईत सुरू झाली. सरकारी खजिन्याची, कैद्यांची आणि नाक्यांची राखण करण्याचे काम या शिपायांकडे येऊ लागले. काल ज्यांच्या भीतीने खजिना पहाऱ्यात जाई, आज पहारा त्यांचा. हक्काचा जुना व्यवहारच येथे नव्या वेषात परतला, असेही म्हणता येईल. राखणदाराला त्याचा मोबदला नियमित मिळू लागला आणि लूट थांबली. वसाहतीच्या कामाचाही यात मोठा वाटा होता. नांगर आणि तगाई यांचे श्रेय बंदुकीला देण्याची चूक पुष्कळांनी केली आहे.

आणि एक प्रसंग मालेगावचा. पलटण प्रथमच नियमित फौजेच्या छावणीत जाणार होती. तेथे आउट्रमची जुनी पलटण होती आणि तिच्यात उच्चवर्णीय शिपायांचा भरणा. चोर, रानटी आणि अस्पृश्यवत मानलेल्या भिल्लांना हे शिपाई कसे वागवतील याची सर्वांना धास्ती. एका टोमण्याने सारे कष्ट मातीत गेले असते. पण तेथल्या शिपायांनी भिल्लांना जवळ बसविले, खाऊपिऊ घातले आणि बरोबरीच्या नात्याने बोलले. आउट्रमने पत्रात हे मोठ्या समाधानाने कळविले आहे. सरकारच्या माफीपेक्षा ही माफी मोठी होती, असे या हकीकतीतल्या साऱ्या घटनांकडे पाहून वाटते. सरकारने गुन्हा पुसला होता. चावडीवरचा कलंक पुसणे सरकारच्या हाती नव्हते.

आता या चित्राची दुसरी बाजू. हाच सौदा पुणे भागात उमाजी नाईक यांच्याशीही करून पाहण्यात आला होता. रामोशांचे पुढारी उमाजी यांना पकडता येईना, तेव्हा कंपनीने माफी दिली आणि पुरंदरच्या मुलखाची राखण त्यांच्याकडे सोपविली. पण उमाजी सरकारचे शिपाई म्हणून राहायला तयार नव्हते; १८३१ मध्ये त्यांनी उघड जाहीरनामा काढून इंग्रजांविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. तेव्हा जुने गुन्हे, नवे गुन्हे सारे एकत्र मोजले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. माफीला मुदत नव्हती. पण अट होती, आणि ती अट कोणत्याही कागदावर लिहिलेली नसे. सरकारच्या उपयोगी पडणे थांबले की माफी संपली.

१८५७ च्या आगेमागे ही अट फार स्पष्ट दिसते. दोन माणसे पाहू.

पहिले खाज्या नाईक. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाची राखण त्यांच्याकडे होती. त्यांच्या वडिलांकडे, गुमान नाईकांकडेही होती. म्हणजे सरकारी नोकर, तेही दोन पिढ्यांचे. १८५० च्या सुमारास घाटात पकडलेल्या एका लुटारूला त्यांनी इतका मार दिला की तो मेला. दहा वर्षांची शिक्षा झाली. ती पुरी होण्यापूर्वीच सुटका झाली आणि १८५७ मध्ये उत्तरेत वणवा पेटल्यावर, घाट सांभाळणारा माणूस हवा म्हणून, शिक्षा भोगून आलेल्या याच खाज्या नाईकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. आजच्या कोणत्याही नियमाने हे शक्य नाही : मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झालेला माणूस त्याच जागेवर, त्याच अधिकाराने. पण तुरुंगाने खाज्या नाईकांना काय शिकवले होते हे सरकारने विचारले नाही. काही आठवड्यांतच ते बंडात गेले. भीमा नाईकांची आणि त्यांची जोडी जमली, सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला, सातपुडा पेटला.

११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. सरकारी फौजेत कोण होते? इतर पलटणींबरोबर खानदेश भिल्ल कोअर, तिचा सेनापती कॅप्टन बर्च याच्यासह. डोंगराच्या एका बाजूला माफी घेतलेल्यांची मुले, दुसऱ्या बाजूला माफी टाकून दिलेले. लढाईनंतर पकडलेल्या अनेकांना तेथेच लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या नाईक त्या दिवशी निसटले. १८६० मध्ये दग्याने मारले गेले.

दुसरे भागोजी नाईक, सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याचे. हे अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होते. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. शिक्षा भोगून आल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन मागण्यात आला. खाज्या नाईकांना मिळाली तशी पुन्हा नेमणूक भागोजींना मिळाली नाही. कारण उघड आहे : १८५५-५६ मध्ये सिन्नरला कोणाची गरज पडलेली नव्हती. जामिनाची मुदत संपते न संपते तोच सरसकट हत्यारे काढून घेण्याचा हुकूम आला. भागोजींनी गाव सोडले आणि पन्नासेक साथीदारांसह पुणे-नाशिक रस्त्यावरच्या टेकडीवर ठाण मांडले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलिस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री थोड्या शिपायांनिशी चालून गेला आणि मारला गेला. पुढली दोन वर्षे भागोजी सह्याद्रीच्या कडेकपारीत लढत राहिले. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरला फ्रँक सूटर याच्याशी झालेल्या चकमकीत ते पडले.

भागोजींच्या पाठलागासाठी हेन्रीच्या जागी आलेल्या नटॉल याने काय करावे? त्याने कोळी पलटण काढली. अकोले-जुन्नरच्या डोंगरातले महादेव कोळी. त्याच डोंगरांतून राघोजी भांगरे उठले होते आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले होते. फाशीला दहा वर्षेही झाली नव्हती. तोवर सरकारी कागदांत बंडखोर आणि दरोडेखोर म्हणून वावरणारी ही जमात एका पत्राने ‘मावळ्यांची शूर परंपरा’ झाली. बामळे कुळातल्या जावजी नाईकांना पलटणीचे प्रमुखपद मिळाले, माणसे आपापल्या तलवारी घेऊन आली, सुमारे सहाशेची पलटण झाली. डोंगरात तिच्याइतके चपळ कोणी नव्हते. काम संपल्यावर, १८६१ मध्ये, पलटण मोडली. काहींना पोलिसांत घेतले; बाकीचे घरी.

तीस-पस्तीस वर्षांतल्या या घटना एकत्र ठेवल्या की एक गोष्ट दिसते, जी कोणत्याही भरतीच्या नियमावलीत लिहिलेली नव्हती. मागचा गुन्हा अडसर ठरतो की शिफारस ठरतो, हे गुन्ह्याच्या गांभीर्यावर अवलंबून नव्हते. मनुष्यवधाबद्दल शिक्षा झालेला परत घेतला गेला. दंग्याबद्दल शिक्षा झालेल्याकडून जामीन मागितला गेला. ज्याच्यापाशी डोंगर होता, टोळी होती, सरकारला देण्यासारखे काही होते, त्याला माफी मिळाली. एकट्या माणसाला नियम लागू झाले.

तरीही १८२५ च्या त्या व्यवहाराला एक बाजू होती जी पुढे हरवली. आउट्रम आणि एल्फिन्स्टन यांच्या लेखी गुन्हा हे कृत्य होते. कृत्य माफ करता येते. माणूस उद्या वेगळा वागेल, ही शक्यता त्यात गृहीत होती. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही. त्याने गुन्हा जन्माला चिकटवला. मूल काही करण्यापूर्वीच नोंदले गेले. जे केलेलेच नाही त्याची माफी कोणाकडे आणि कशी मागणार? हा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडावे लागले, आणि पारधी वस्तीतल्या मुलाला आजही ठाण्यातला दाखला आणताना तो कायदा रद्द झाल्याचा भरवसा वाटत नाही.

सैन्यभरतीतही त्याच सुमारास हाच विचार शिरला. सरसेनापती रॉबर्ट्स याच्या काळात, १८८५ नंतर, ‘लढवय्या’ आणि ‘न-लढवय्या’ जातींची वाटणी पक्की झाली. महारांची भरती १८९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाली. त्यांच्या नावावर गुन्हा नव्हता, उलट कोरेगावच्या स्तंभावर नावे होती. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला तो या पार्श्वभूमीवर. सैन्यात कोण चालेल हे आता कृत्यावरून ठरत नव्हते, कुळावरून ठरत होते. खानदेश भिल्ल कोअरही या काळात सैन्याच्या चौकटीत बसेना. १८९१ मध्ये ती पोलिसांत विलीन झाली. मेवाडात १८४१ मध्ये तिच्याच धर्तीवर निघालेली भिल्ल पलटण मात्र टिकली.

मग पहिले महायुद्ध आले आणि जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, यावेळी तुरुंगाच्या भिंतींच्या आत. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली; तिच्यात मराठा पलटणीही होत्या. मेसोपोटेमियाची मोहीम रसदीअभावी कोलमडली होती. बसऱ्याच्या बंदरात धक्के नव्हते, जहाजे आठवडेच्या आठवडे खोळंबत, माल उतरवायला माणसे नव्हती, इस्पितळांना सफाईवाले मिळेनात. उन्हाळ्यात पारा पन्नासाच्या आसपास. अशा ठिकाणी मजूर जाईना. तेव्हा हिंदुस्थान सरकारची नजर तुरुंगांकडे गेली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४०१ व्या कलमाने अटी घालून शिक्षा माफ करण्याचा अधिकार सरकारला होताच. कैद्याने युद्धावर जाण्याचे कबूल करावे, ठरलेली मुदत काम करावे आणि शिक्षेत माफी घेऊन घरी जावे.

ऑक्टोबर १९१६ ते जुलै १९१९ या काळात निरनिराळ्या प्रांतांच्या तुरुंगांतून सुमारे सोळा हजार कैदी असे मेसोपोटेमियात गेले. त्यांच्या सात तुकड्या झाल्या. त्यांचा अधिकारी लेफ्टनंट कर्नल लेन याने या तुकड्यांची जी हकीकत लिहिली, तिच्यात कैद्यांच्या कामाविषयी समाधान आहे. तुरुंगातल्या कैदी-मुकादमांची व्यवस्थाच तेथे नेण्यात आली होती. काही गुन्हेगार इतर गुन्हेगारांकडून काम करून घेत. राजकीय कैद्यांना ही वाट नव्हती. अंदमानातून सावरकरांनी १९१४ मध्येच युद्धात पडेल ती सेवा करण्याची तयारी अर्जाने कळविली होती. ती स्वीकारली गेली नाही.

धरणगाव आणि बसरा यांत एक फरक आहे. तुरुंगातल्या माणसापाशी डोंगर नव्हता. घाट अडविण्याची ताकद नव्हती, खाली उतरवण्यासारखी टोळी नव्हती, वाटांची माहितीही नव्हती. देण्यासारखी होती ती फक्त पाठ. म्हणून १८२५ च्या दरोडेखोराला माफीबरोबर बंदूक मिळाली, आणि १९१६ च्या कैद्याला माफीबरोबर मिळाले ते फावडे, हमालाचे ओझे आणि झाडू. लष्कराच्या हजेरीपटात त्यांची नोंद ‘शिपाई’ या रकान्यात नव्हती. ‘फॉलोअर’, म्हणजे फौजेमागून चालणारे, हे त्यांचे पद.